१२० पैकी ३६

न्यू जर्सीतलं कुटुंब, मूळचं सातारा जिल्ह्यातलं. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ‘मी आफ्रिकाना स्टडीजमध्ये मेजर करणार,’ असं तिनं जेवताना सांगितलं, तेव्हापासून घरात अबोला. (आफ्रिकाना स्टडीज म्हणजे आफ्रिका आणि जगभरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास; मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय.) वडील मला म्हणाले, “मॅडम, डॉक्टर व्हायचं म्हणून एवढी फी भरतोय. आणि ही आता हे शिकणार! चार वर्षं पाण्यात.”

ही भीती माझ्या ओळखीची आहे. आपल्याकडे बी.ए.ला एक विषय धरला की बाकीची दारं बंद, हा हिशेब आपण अमेरिकेतल्या मेजरलाही लावतो. मी समजावत बसले नाही. तिच्या विभागाच्या अटी त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावल्या. पदवीला १२० क्रेडिट, त्यांतले मेजरचे ३६. म्हणजे बारा कोर्स. एक विषयाची ओळख करून देणारा, एक संशोधनपद्धतीचा. मग आफ्रिका, अमेरिकेतला कृष्णवर्णीय समाज, कॅरिबियन बेटं असं तिन्हीकडचं थोडं थोडं, आणि शेवटच्या वर्षी सेमिनार नि मोठा निबंध. (विद्यापीठागणिक आकडे बदलतात, कुठे कुठे स्वाहिलीसारखी भाषाही लागते.) उरलेल्या ८४ मध्ये बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आरामात बसतं. मेडिकलला हे कोर्स लागतात, मेजर कुठलंही चालतं.

मुलगी एफ-१ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असती, तर मी इतकी निवांत नसते. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) विषयांना शिक्षणानंतर कामासाठी २४ महिने वाढवून मिळतात, ते या मेजरला मिळत नाहीत. पण ती तिथलीच नागरिक.

चूक लेकीचीही होती. ऑर्गॅनिक केमिस्ट्री तिनं ‘पुढे बघू’ म्हणून ढकललेली. आधी जनरल, मग ऑर्गॅनिक, मग बायोकेमिस्ट्री अशी ती साखळी. एक कडी सरकली की एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षाही सरकते. हे मी तिला वडिलांसमोरच सांगितलं. ती ओशाळली.

“पण त्यांच्या इतिहासाशी आपला काय संबंध?” वडिलांनी विचारलंच.

“बाबा, जोतिबांनी ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केलीय, माहितीय? १८७३ मध्ये? गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.”

फुल्यांचं मूळ गाव कटगुण. यांच्या गावाहून जवळच. वडील बराच वेळ त्या कागदाकडेच बघत राहिले. मग मला म्हणाले, “ही ऑर्गॅनिक उन्हाळ्यात घेता येते का हो?”