ग्रह शिकवताना येणारे प्रश्न

ग्रहमालेबद्दल काय अडतंय ते कळवा म्हटलं होतं तर भरपूर प्रश्न आले, आणि त्यातले निम्मे असे की मुलांनी वर्गात विचारले आणि शिक्षकांनी 'उद्या सांगतो' म्हणून पुढे ढकलले. सगळे घेता येणार नाहीत. ज्यावर बोलण्यासारखं जास्त आहे ते घेतलेत.

प्रश्न: मी पाचवीला शिकवते. आमच्याकडे सूर्यमालेचं थर्माकोलचं मॉडेल करून आणायला सांगतात. ते बहुतेक आईबाबाच करतात. त्यातून मुलं नक्की काय शिकतात? दुसरं काही करता येईल का?

मुलं त्यातून एक गोष्ट पक्की शिकतात आणि नेमकी तीच चुकीची असते, की ग्रह एकमेकांना खेटून, साधारण एकाच मापाचे, सूर्याभोवती ओळीने टांगलेले आहेत. भिंतीवरच्या चार्टमध्येही हेच असतं. चार्टवाल्यांचा इलाज नाही, खऱ्या प्रमाणात काढायला गेलं तर कागदच पुरणार नाही. पण मग ते प्रमाण मुलांना कुठेतरी दिसायला तर हवं, म्हणून मॉडेलऐवजी मैदानात जा.

प्रमाण सोपं घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. म्हणजे १ मीटर झाला १ कोटी किलोमीटर, आणि पुस्तकातला तक्ता समोर ठेवून मुलं स्वतःच गणित करू शकतात, तुम्ही आकडे देऊ नका. सूर्याचा व्यास साधारण १४ लाख किमी, म्हणजे १४ सेंमीचा बॉल किंवा पिवळ्या कागदाची चकती. पृथ्वी जेमतेम १.३ मिलिमीटर, पेनाचा एक ठिपका, आणि तो ठिपका सूर्यापासून १५ मीटरवर. बुध ६ मीटरवर, शुक्र ११, मंगळ २३. इथपर्यंत मुलं मजेत असतात. मग गुरू ७८ मीटरवर येतो, १४ मिलिमीटरची गोटी, आणि तिथे बऱ्याच शाळांचं मैदान संपतं. शनी १४३ मीटर, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. मैदान संपलं की थांबा आणि पुढचे ग्रह कुठे येतील ते परिसराच्या नकाशावर मोजायला लावा, ते चालण्याइतकंच चांगलं होतं.

यात दोन गोष्टी नक्की करा. एक, पृथ्वीचा ठिपका ठेवल्यावर चंद्र कुठे ठेवायचा ते मुलांना आधी विचारा. कोणी चिकटवून ठेवतं, कोणी पार दोन पावलं लांब जातं. उत्तर ३.८ सेंटिमीटर. माणूस आजवर जास्तीत जास्त गेलाय तो एवढाच, हे सांगितलं की वर्ग क्षणभर गप्प होतो. दुसरं, या प्रमाणात प्रकाशाचा वेग येतो सेकंदाला ३ सेंटिमीटर. एका मुलाला 'प्रकाश' करा आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंत त्या वेगाने चालायला लावा, ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मुलं कंटाळतात, कंटाळू दे, विश्वात सगळ्यात वेगाने जाणारी गोष्ट इतकी रखडत चाललीय हे त्या कंटाळ्यातूनच कळतं. आणि कोणी विचारलंच की मग पुढचा तारा कुठे, तर सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा या मॉडेलमध्ये सुमारे ४००० किलोमीटरवर आहे. मीटर नाही, खरेखुरे किलोमीटर.

जाता जाता, ग्रह खऱ्या आकाशात असे एका रांगेत उभे नसतात हे सांगायला विसरू नका, शेवटी गुरूवाल्या मुलाला वेगळ्याच दिशेला पाठवून द्या.

प्रश्न: प्लूटोला ग्रहांमधून का काढलं, असं मुलं विचारतात. '२००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ठरवलं' एवढंच सांगता येतं, त्यावर त्यांचं समाधान होत नाही.

होऊही नये. 'मोठ्या माणसांनी ठरवलं' हे उत्तर विज्ञानाच्या तासाला चालत नाही, आणि इथे तर कारण एकदम समजण्यासारखं आहे.

प्लूटोपासून सुरुवातच करू नका, सेरेसपासून करा. १ जानेवारी १८०१ ला पियाझी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळ आणि गुरूच्या मध्ये सेरेस सापडला आणि लोक त्याला ग्रहच म्हणायला लागले. मग १८०२ मध्ये पॅलस, १८०४ मध्ये जुनो, १८०७ मध्ये व्हेस्टा, हेही ग्रहांच्या यादीत. १८४५ नंतर तर असे भराभर सापडायला लागले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की ही सगळी एक वेगळीच जमात आहे, लघुग्रहांची. म्हणजे 'ग्रहपद जाणं' हा प्रकार प्लूटोच्या आधीच होऊन गेलाय आणि त्यावर कोणी रडलं नाही.

प्लूटोचंही तसंच. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉला तो सापडला, तेव्हा त्या भागात दुसरं काही माहीतच नव्हतं. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे तसेच बर्फाळ गोळे सापडायला लागले आणि २००५ मध्ये एरिस मिळाला, आकाराने जवळपास प्लूटोएवढाच आणि वस्तुमानाने तर त्याच्याहून जास्त. आता एकतर एरिसलाही ग्रह म्हणा आणि पुढे सापडतील त्यांनाही, नाहीतर व्याख्या करा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ऑगस्ट २००६ मध्ये व्याख्या केली: सूर्याभोवती फिरायला हवा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला हवा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकतो, त्याच्या आसपास हे बाकीचे बर्फाळ गोळे आहेतच. ही तिसरी अट सगळ्याच शास्त्रज्ञांना पटलेली नाही, वाद अजून चालू आहे, आणि हेही मुलांना खुशाल सांगा.

वर्गात करायचं असेल तर कार्ड बनवा, नाव न लिहिता. व्यास, कशाभोवती फिरतो, कशाचा बनलाय, एवढंच. बुध ४८७९ किमी, गुरूचा चंद्र गॅनिमीड ५२६८, शनीचा चंद्र टायटन ५१५०, आपला चंद्र ३४७४, प्लूटो २३७७, आणि बाकीचे मोठे ग्रह. आता गट पाडा म्हणायचं. 'मोठा तो ग्रह' म्हणणारे लगेच फसतात कारण गुरूचा चंद्र गॅनिमीड बुधापेक्षा मोठा निघतो. भांडाभांडी होते, होऊ द्या. अर्ध्या तासाने मुलांनी स्वतः तीनचार व्याख्या केलेल्या असतात आणि मग २००६ ची व्याख्या फळ्यावर लिहिली की त्यांना त्यातल्या खोडीही काढता येतात.

प्रश्न: 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा' हे मुलांच्या डोक्यातून जातच नाही. आठवीतही तेच लिहितात.

जात नाही कारण ते वाटतंच बरोबर. शेकोटीजवळ गेलं की गरम लागतं हा त्यांचा स्वतःचा अनुभव आहे, तुमचं एक वाक्य त्याला पुरणार नाही. आणि भर घालायला पुस्तकातली आकृती असते, पृथ्वीची कक्षा छान लांबट अंडाकृती काढलेली, सूर्य एका बाजूला. ती आकृती तिरक्या बाजूने बघितल्यासारखी काढलेली असते हे मुलांना कोण सांगणार? प्रत्यक्षात १० सेंटिमीटर त्रिज्येची कक्षा काढली तर तिचा लांबटपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास भरतो, पेन्सिलीची रेघच त्याहून कितीतरी जाड. फक्त सूर्य मध्यबिंदूपासून पावणेदोन मिलिमीटर बाजूला येईल. हे कंपासने काढायला लावा आणि मग पुस्तकातल्या आकृतीशेजारी ठेवा.

नंतर तारखा द्या. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४ कोटी ७१ लाख किमी, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाख. मग विचारा की जानेवारीत युरोपात काय असतं, ऑस्ट्रेलियात काय असतं. अंतरामुळे ऋतू होत असते तर अख्ख्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. ही गाठ मुलांनीच सोडवू दे, तुम्ही अजिबात घाई करू नका.

ऋतूंचं खरं कारण, म्हणजे पृथ्वीच्या आसाचा २३.५ अंशांचा कल, त्यानंतर. आलेखाच्या कागदावर टॉर्च सरळ धरा, उजेडातले चौकोन मोजा, मग तेवढ्याच अंतरावरून तिरका धरा, पुन्हा मोजा. तोच उजेड जास्त चौकोनांत वाटला गेला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमी. आणि पृथ्वीगोल दिव्याभोवती फिरवताना एक काळजी घ्या, बरेच जण नकळत कललेली बाजू सतत दिव्याकडेच ठेवून चालतात, त्याने सगळा खेळच बिघडतो. आसाचं टोक पूर्ण फेरीभर खोलीच्या एकाच भिंतीकडे रोखलेलं राहिलं पाहिजे.

प्रश्न: बुध सूर्याच्या जवळ असूनही शुक्र जास्त गरम, हे पाठ करून घेतलं तरी परीक्षेत मुलं बुधच लिहितात.

पाठ करून घेतलं म्हणूनच. अंतर आणि तापमान असा आलेख काढायला लावा, उजवीकडे जाल तसे ठिपके खाली खाली येत जातात आणि शुक्राचा एकटा ठिपका सगळ्यांच्या वर. 'हा असा का?' हा प्रश्न मुलांनी विचारला की मग सांगा: बुधाला उष्णता धरून ठेवण्यासारखं वातावरणच नाही, दिवसा ४३० अंश आणि रात्री उणे १८०, शुक्रावर मात्र कार्बन डायऑक्साइडचं इतकं दाट वातावरण की आत आलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही आणि रात्रंदिवस साधारण ४६५ अंश सेल्सिअस. दाब पृथ्वीच्या नव्वद पटींहून जास्त. सोव्हिएत व्हेनेरा १३ यान मार्च १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि दोन तासांच्या थोडं वर टिकलं, तरी तो पराक्रमच मानतात. त्याने पाठवलेले जमिनीचे फोटो मुलांना दाखवा, ते बघितल्यावर शुक्र कोणी विसरत नाही.

प्रश्न: शनीचे चंद्र किती? तीन पुस्तकांत तीन आकडे आहेत. परीक्षेला कुठला धरायचा?

हा प्रश्न परीक्षेत विचारूच नका. २०१९ मध्ये ८२ होते, मार्च २०२५ मध्ये १२८ नवे मान्य झाल्यावर एकूण २७४. यातले बहुतेक काही किलोमीटरचे दगड आहेत. विचारायचंच असेल तर आकडा का बदलत राहतो ते विचारा.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा आहे, ग्रहांचं वेड लागलंय. त्याला कुठपर्यंत सांगू?

आठ नावं क्रमाने म्हणतोय तर म्हणू दे, त्यात वाईट काही नाही, पण त्याला 'ग्रह समजले' असं समजू नका. या वयात दिवस-रात्र, चंद्राचा बदलणारा आकार आणि आपण एका गोळ्यावर उभे आहोत, एवढं पचलं तरी खूप झालं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि बॉल. करोडोंचे आकडे सध्या बाजूला ठेवा.

प्रश्न: 'सगळे ग्रह एका रांगेत येणार' असे व्हिडिओ आले की मुलं घाबरतात, काही होईल का विचारतात.

काही होत नाही. सगळे ग्रह जवळपास एकाच सपाटीत सूर्याभोवती फिरतात, त्यामुळे आकाशात ते नेहमीच एका पट्ट्यात दिसतात, सूर्य-चंद्रही त्याच पट्ट्यात. कधी तीनचार एका वेळी दिसतात, बघायला मजा येते, एवढंच. ओढीचं म्हणाल तर शुक्र अगदी जवळ आला तरी भरती-ओहोटीवर त्याचा परिणाम चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकाही नसतो. व्हिडिओत पाच ग्रह एकाला एक चिकटून चमकताना दाखवतात ते कॉम्प्युटरवर केलेलं चित्र असतं.

प्रश्न: शाळेकडे टेलिस्कोप नाही. मुलांना ग्रह प्रत्यक्ष दाखवता येतील का?

पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि माणसांनी ते टेलिस्कोपच्या कितीतरी आधीपासून ओळखलेत, त्यामुळे टेलिस्कोप नाही म्हणून हा भाग सोडून देणं मला अजिबात पटत नाही. शुक्र तर सगळ्यात सोपा. तो सूर्यापासून ४७ अंशांच्या पलीकडे कधी जात नाही, म्हणून एकतर संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला, चुकणार नाही इतका लख्ख. सध्या कुठला ग्रह कुठे आहे ते स्टेलॅरियमसारख्या ॲपवर आधी बघून ठेवा, नाहीतर मुलांसमोर मान वर करून शोधत बसाल.

पण एकदाच बोट दाखवून 'तो बघा गुरू' म्हणू नका, त्यात शिकण्यासारखं फार काही नसतं. मुलांना गुरू किंवा मंगळ आजूबाजूच्या ताऱ्यांसकट वहीत काढू दे, आठवड्याने पुन्हा, मग पुन्हा. महिना-दीड महिन्यात मंगळ सरकलेला स्वच्छ दिसतो, गुरू सावकाश सरकतो. तारे आपापसात तसेच आणि हा एकटा हललाय, हे मुलांनी स्वतःच्या वहीत पकडलं की ग्रह कशाला म्हणतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

साधी १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, दोन डोळ्यांची) दुर्बीण कोणाकडे मिळाली तर गुरूकडे लावा. हात हलतो, म्हणून कोपर भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवा. गुरूच्या शेजारी एका रेषेत तीनचार बारीक ठिपके दिसतील, ते गुरूचे चंद्र. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच बघितलं आणि रोज चित्र काढत गेला, ठिपक्यांच्या जागा बदलत होत्या. मुलांनाही चारपाच रात्री ओळीने काढू दे आणि ते काय आहे ते आधी सांगू नका. त्यातला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो त्यामुळे फरक दुसऱ्याच रात्री दिसतो, कोणीतरी 'सर, एक गायब झाला' म्हणणारच. शनीची कडी मात्र या दुर्बिणीत दिसत नाहीत, तशी आशा आधीच लावून ठेवू नका. आणि शुक्र किंवा बुध शोधत असाल तर सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण कोणाच्याही हातात द्यायची नाही. पहाटे बघत असाल तर सूर्य उगवायच्या बऱ्याच आधी ती गोळा करून डब्यात घालायची.