शिनाण्यांची मरतूक: आधी खाडीचे पाणी तपासा

खाडीत दोऱ्यांवर वाढवलेले शिनाणे (खाण्याचे शिंपले) शिंपा उघड्या टाकून मरू लागले, तर रोगाचा संशय घेण्याआधी पाण्याचा खारेपणा मोजावा. समुद्राच्या खारेपणाला सरावलेला हा जीव पावसाळ्यात गोडे पाणी आले की शिंपा घट्ट मिटून तग धरतो. मात्र पूर दिवसेंदिवस ओसरला नाही, तर आत गुदमरून दगावतो. म्हणूनच कोकणातल्या खाड्यांत काढणी मे महिन्यातच उरकणे हिताचे. चार पैसे जास्त मिळतील म्हणून जूनची वाट पाहणे मला तरी पटत नाही. पाण्याचा नमुना पृष्ठभागाबरोबरच दोरीच्या टोकापाशीही घ्यावा, कारण गोडे पाणी हलके असल्याने वर राहते. ओहोटीला दोरी चिखलाला टेकत असेल, तर गाळाने कल्ले बुजतात. मेलेले शिनाणे त्याच दिवशी काढावेत. कुजताना ते शेजारच्यांचा प्राणवायू ओढतात.