‘माझं डोकं कोडसाठी नाही’

‘पस्तिशीला आलो, आता पुन्हा पहिलीत बसायचं का?’ डिझाइनच्या धंद्यात मुरलेली माणसं कोड शिकायला लागली की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. मागोमाग दुसरा येतो: ‘माझं डोकं त्यासाठी नाहीच का?’ त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकमधल्या एका प्रेसमध्ये तो बरीच वर्षं डिझाइन करत होता. लग्नपत्रिका, बेदाण्याची पाकिटं, निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्या. कोरलड्रॉ या छपाईच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात पक्का बसलेला. नोकरी बदलायची म्हणून पोर्टफोलिओ, म्हणजे आपली कामं दाखवणारं वेबपान, हवं होतं आणि ते एचटीएमएल (पानावर काय असेल ते सांगणारा कोड) आणि सीएसएस (ते कसं दिसेल ते ठरवणारा कोड) स्वतः लिहून करायचं, असं त्याने ठरवलं. तयार टेम्प्लेटमध्ये काम लवकर उरकलं असतं. पण आपलं काम दुसऱ्याच्या साच्यात मांडायचं नाही, हे त्याचं म्हणणं मला मनापासून पटलं. माझ्याकडे आला तेव्हा झोप उडाली होती, घरात चिडचिड सुरू होती. ‘मॅडम, कॉलेज रोडच्या क्लासमधली पोरं भराभर पुढे जातात. मी एका नावावर अडलोय.’

‘काल रात्री नेमकं काय झालं, ते सांगा,’ मी म्हटलं.

प्रेसच्या फाइलमधून त्याने स्वतःचं नाव पानावर पेस्ट केलं होतं आणि ब्राउझरमध्ये भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली होती. रात्री जागून त्याने कोड तपासला. कोड बरोबर होता. जुन्या मराठी फॉन्टांत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असतो. तो फॉन्ट नसेल तिथे मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वेबला युनिकोड लागतो, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. दुसरी अडचण सीएसएसची. न समजलेली ओळ ब्राउझर मुकाट सोडून देतो. ओळीच्या शेवटचा एक सेमीकोलन (;) राहिला तर पुढची ओळही जाते, आणि पानावर चुकीची सूचना कुठेच येत नाही. या मौनाचा अर्थ तो दर वेळी ‘मी ढ आहे’ असा लावत होता.

मला यात आणखी एक गोष्ट दिसली. इतक्या वर्षांत तयार झालेली त्याची नजर शिकाऊ हाताचं काम तपासत होती. वीस वर्षांच्या मुलाला आपलं पान ओबडधोबड आहे हे जाणवतच नाही, म्हणून तो पुढे सरकतो. याला ओळींमधलं अंतरही खुपायचं. वयाने शिकणं जड होतं असं आपण म्हणतो, तिथे अनेकदा ही तयार नजरच आड येते असं माझं मत आहे.

म्हणून काही दिवस सीएसएसला हात लावायचा नाही असं ठरलं. फक्त मथळे, मजकूर, चित्रं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचं पहिलं संकेतस्थळ १९९१चं आणि सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस डिसेंबर १९९६ची, हे त्यानेच वाचून मला सांगितलं. साध्या पानाची लाज तिथे बरीच ओसरली. सोबत एक वही: काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, कारण काय निघालं. स्वतःबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. रात्री अकरानंतर लॅपटॉप बंद.

मला कोड येत नाही, म्हणून दर भेटीत तो मला एक गोष्ट शिकवायचा. सगळं पिक्सेल मोजून बसवलेलं त्याचं पान मोबाइलवर विस्कटायचं. कागदाची रुंदी ठरलेली, पडद्याची नाही, हे समजावताना त्याचा आवाज पडला. वाईट वाटणारच, इतक्या वर्षांचा ताबा सुटत होता. मी विचारलं, बेदाण्याचं एकच डिझाइन पाव किलोच्या आणि किलोच्या पाकिटावर कसं बसवता? तो बराच वेळ बोलला: काय लहान करतो, काय खाली ढकलतो, काय काढूनच टाकतो. मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे सीएसएसचे नियम, तो त्यानंतर न घाबरता लिहायला लागला.

आधी झोप सुधारली, कोड नंतर. पान आता चालू आहे. नोकरी अजून तीच आहे, मुलाखती देतोय.

तुमचंही असंच अडलं असेल तर वहीपासून सुरुवात करा. पण झोप, भूक, कामातलं लक्ष हे सगळंच दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर शिकणं बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांशी बोला. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.