ऑफिसात कुणीच आपलं नाही म्हणतोस ना, मग हे वाच

अरे,

तुझा मेसेज रात्री उशिरा आला होता, सकाळी वाचला. "ताई, दिवसभर माणसांत असतो पण कामाशिवाय एक वाक्य बोललो नाही" असं लिहिलंयस ना, तर पहिलं हे की तुझ्यात काही खोट नाहीये. गॅलप म्हणून सर्वे करणारी अमेरिकन कंपनी आहे, तिने २०२४ला जगभरातल्या नोकरदारांचा रिपोर्ट काढला, त्यात पाचातला एक जण सांगतो की काल दिवसातला बराच वेळ एकटं वाटलं. पूर्ण घरून काम करणाऱ्यांत हे प्रमाण २५ टक्के आणि ऑफिसात जाऊन काम करणाऱ्यांत १६. म्हणजे घरून काम करणाऱ्यांचं जास्त अवघड, मान्य, पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रखडत ऑफिस गाठलं की एकटेपणा सुटला असंही नाही, ते तू बघतोयसच.

तुझंच बघ, अर्धी टीम बंगलोरला, मॅनेजर अमेरिकेत डॅलसला म्हणून कॉल रात्री, ऑफिसचे दिवस आठवड्यातून दोन आणि तेही अ‍ॅपवर सीट बुक करून, आज तिसरा मजला उद्या पाचवा. शेजारी दरवेळी नवा माणूस, त्याच्या कानात हेडफोन, तुझ्याही. अशात ओळख होणार कधी? अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक थॉमस अ‍ॅलन म्हणून होते, त्यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअर लोकांचं बोलणं मोजलं, तर टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं धडाधड कमी होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे जवळपास बंदच. आणि हे ईमेल-चॅट घरोघरी यायच्या आधीचं.

आता मी डोंबिवलीची, त्यामुळे मला लोकलच सुचणार. लेडीज डब्यातला ग्रुप कसा जमतो माहितीये? तुमच्या ऑफिसातले ओळख करून घ्यायचे आइसब्रेकर खेळ कुणी घेत नाही. तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा, बस. आधी महिनाभर नुसतं हसणं, मग "आज ती आली नाही वाटतं", मग बसलेली अर्ध्या वाटेत उठून उभीला जागा देते, परतीला मांडीवर पेपर पसरून एकीची मेथी दोघीतिघी निवडतात आणि दसऱ्याला डब्याला तोरण लावायची वर्गणी निघेपर्यंत कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हेही सगळ्यांना माहीत असतं. कामाचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण एखादी दोन दिवस दिसली नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवर "कुठेयस गं?" येतंच. ते तोरणाबिरणाचं सोड, माझ्या मते खरी कमाई हा "कुठेयस गं".

तेव्हा तू पण आधी जागा आणि वेळ ठरवून टाक. शक्य असेल तेवढं एकाच मजल्यावर, एकाच कोपऱ्यात सीट घे, चहाला रोज एकाच वेळेला जा, मोबाईल खिशात ठेवून. पहिले काही आठवडे काहीच होणार नाही, चालेल. आणि जेवायला डेस्कवर बसू नकोस रे, यूट्यूब बघत जेवणाऱ्या माणसाला कोण कशाला हाक मारेल?

दुसरं, छोटी मदत माग. "ही क्वेरी अडकलीय, पाच मिनिटं बघशील का" किंवा वाकडमध्ये बरी मेस कुठली, असलं काहीपण. आपल्या मराठी पोरांना वाटतं विचारलं की आपली इज्जत गेली, उलट समोरच्याला बरं वाटतं आणि त्याला पुढच्या वेळी तुला विचारायला वाट मोकळी होते. इंग्रजी अडखळतं म्हणून मोठ्या कॉलवर गप्प बसतोस हे माहितीये मला, तर मोठ्या कॉलचं सोड, बंगलोरच्या एकाच कुणाला तरी वेगळा फोन लाव, तिथे हिंदी-इंग्रजी खिचडी चालते.

एक मात्र सांभाळ. मॅनेजरच्या नावाने बोटं मोडून जमलेली दोस्ती फार लवकर जमते, तेवढीच लवकर अंगाशी येते. आणि ऑफिसातला प्रत्येक जण जिगरी व्हायला पाहिजे असं नाही, एकदोघं पुरतात.

ऑफिसातल्या त्या शुक्रवारच्या खेळांचं, फन फ्रायडेचं म्हणशील तर जा, तंबोला खेळ, पण त्याने काही होईल ही अपेक्षा नको. त्यापेक्षा विवेक मूर्ती, अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे लोकांच्या आरोग्याचे मुख्य डॉक्टर होते ते, आई-वडील मूळचे कर्नाटकातले, त्यांच्या ऑफिसातली गोष्ट मला आवडते. आठवड्याच्या मीटिंगमध्ये पाच मिनिटं एकाने आपले फोटो दाखवून स्वतःबद्दल सांगायचं, एवढंच. उद्या तुझ्या हाताखाली पोरं येतील तेव्हा करून बघ. तोपर्यंत नवीन जॉइन झालेल्याला पहिल्या दिवशी जेवायला सोबत ने, त्याला कॅन्टीनचं कूपन कुठे मिळतं हेही माहीत नसतं.

आणि हे नीट ऐक, झोप उडालीय, जेवण जात नाही, रविवारी रात्रीपासूनच पोटात गोळा येतो असं होत असेल तर ते चहाने सुटणारं नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, लाव. आईला "सगळं मस्त" सांगतोस ते पण जरा कमी कर.

पुढच्या महिन्यात मी पुण्यात येतेय, वाकडलाच भेटू. पण एकटा येऊ नकोस, ऑफिसातलं कुणीतरी घेऊन ये, कुणीही चालेल, बिल माझं.

तुझी,
ताई