बाबांची रोजची दारू घरीच एकदम बंद करावी का?

नाही, बाबा वर्षानुवर्षं रोज पीत असतील तर डॉक्टरांना न दाखवता दारू एकदम तोडू नका. मी व्यसनमुक्ती समुपदेशनाचं काम करते. बाटली लपवून, खोलीला कडी लावून घरच्यांनी सोडवायला बघितलेले पेशंट फिट येऊन कॅज्युअल्टीत आलेले पाहिलेत. दारू थांबली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत माणूस भ्रमिष्ट होऊन अंगावर नसलेले किडे झटकायला लागतो. हे जिवावर बेतू शकतं. मुंबईत असाल तर केईएम, नायर, सायन, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथल्या मानसोपचार ओपीडीत सकाळीच न्या. गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत नेतात, बी-१ जीवनसत्त्वही देतात. रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, हे खरं सांगा. बाबांसमोर अवघड वाटलं तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. अधूनमधून पिणाऱ्याला हा धोका सहसा नसतो, पण सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याच्या हातात चहाचा कप ठरत नाही, त्याला नक्की आहे. फिट आलीच तर ओपीडीची वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.