ऑपरेशनचा व्रण झाकावासा वाटणं चुकीचं आहे का?

ऑपरेशनचा व्रण टॅटूने झाकला तर चालेल का, असं विचारत कोणी माझ्याकडे येतं तेव्हा त्या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा एक प्रश्न असतो. जीव वाचला, सगळं नीट झालं, आणि मी कातडीचं काय घेऊन बसले आहे? पहिल्याचं उत्तर त्वचारोगतज्ज्ञ देतील. दुसरा मात्र सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही.

तिशीतल्या एका बाईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांनी मोठ्या भावाला मूत्रपिंड दिलं होतं. दात्याचं ऑपरेशन हल्ली बहुधा दुर्बिणीतून होतं, त्यांचं मात्र उघडं करावं लागलं. त्यामुळे शेवटच्या बरगडीपासून पोटाकडे तिरका उतरलेला लांब व्रण. घरात त्याला भलताच मान. कोणी आलं की भाऊ कौतुकाने विषय काढणार, आई डोळे पुसणार. आणि ह्या अंघोळ करताना मान दुसरीकडे वळवणार. टॅटूचं नाव काढलं तेव्हा भाऊ एवढंच म्हणाला, "माझ्यासाठी केलंस, ते आता लपवावंसं वाटतंय का तुला?" त्यानंतर त्यांनी तो विषयच बंद केला होता.

व्रण केवढा आहे, असं मी विचारलं. त्यांनी टेबलावर दोन्ही हात पसरून अंतर दाखवलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नक्की माहीत नाही. टाके काढल्यापासून मी नीट बघितलेलाच नाही."

टॅटूची चर्चा तिथेच बाजूला ठेवली. जखम पूर्ण भरली की अशा व्रणाला रोज थोडा मसाज करायला डॉक्टर सांगतात. त्यांनाही सांगितलं होतं, त्यांनी केला नव्हता. तेवढंच करून बघा, म्हटलं. पुढच्या भेटीत त्या बरंच काही घेऊन आल्या. व्रण हाताने दाखवला होता त्याहून बराच लहान निघाला. त्याच्या खालची पट्टी बधिर होती. बोट लागलेलं कळायचंच नाही, आणि त्याला त्या मनातल्या मनात घाबरून होत्या. काप घेताना त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात, त्याने असं होतं, हे त्यांना डॉक्टरांकडून कळलं. पोटाकडचं टोक मात्र लालसर, उंचवट्यासारखं होतं आणि खाजायचं.

मग खरं बोलणं सुरू झालं. दाता आजारी नसतो. धडधाकट शरीरावर तो दुसऱ्यासाठी सुरी चालवून घेतो, आणि घेणारा बरा झाला की दात्याची चौकशी थांबते. "अंगावरची ही एकच जागा माझी नाही असं वाटतं. तिच्यावर सगळ्या घराचा हक्क आहे," असं त्या म्हणाल्या. व्रण म्हणजे शौर्यपदक, हे वाक्य मला स्वतःला फारसं आवडत नाही. ज्याच्या अंगावर आहे त्याने म्हणावं, खुशाल. भोवतालच्यांनी म्हटलं की त्या माणसाला तक्रार करायची सोय उरत नाही.

मी त्यांना विचारलं, टॅटू काढल्यावर कोणी "हे काय?" म्हटलं तर काय सांगाल? थोडं थांबून त्या म्हणाल्या, "व्रण आहे, त्यावर वेल काढून घेतलीय." "काही नाही, सहज काढला," असं उत्तर आलं असतं तर मी अजून थांबायला सुचवलं असतं. झाकलेलंही पुन्हा झाकत बसावं लागलं, तर टॅटूवरचा खर्च वाया जातो.

थांबावं तर लागलंच, पण कारण वेगळं होतं. व्रण मुरायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, कधी दोनही. तो फिका, सपाट आणि शांत झाल्याशिवाय सुई लावू नये. त्यांचं खाजणारं टोक म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. तो उंचवटा व्रणाच्या हद्दीतच होता. हद्द सोडून पसरला असता तर तो कीलॉइड, आणि ज्यांच्या त्वचेला तशी सवय आहे त्यांच्यात टॅटूच्या सुईनेही नवा कीलॉइड उठू शकतो. छाती, खांदे, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. त्यांना सिलिकॉन जेल देऊन वाट बघायला सांगितलं. दरम्यान त्यांनी धुतल्यावर जाणारी तात्पुरती नक्षी लावून पाहिली. पहिली त्यांना आठवड्याभरातच नकोशी झाली, हे बरंच झालं.

काही व्रण झाकूच नयेत, असंही मी सांगते. त्वचेचा कर्करोग काढलेली जागा डॉक्टरांना उघडी दिसायला हवी. किरणोपचार झालेली त्वचा, काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात, किंवा जिथे पुन्हा ऑपरेशन होऊ शकतं ती जागा, इथे आधी आपल्या सर्जनचा शब्द. एकच मूत्रपिंड असलेल्यांना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळायला सांगतात, म्हणून टॅटूनंतर दुखलं तर काय घ्यायचं हे या बाईंनी आधीच विचारून ठेवलं. सुई नवी, शाई सीलबंद आणि ती पातळ करायला नळाचं पाणी नाही, हे बघायला संकोच करू नये. दूषित पाण्यातून चिवट जंतुसंसर्ग होतात. लाल रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते. त्यांनी फुलं निळी ठेवली.

वेल काढताना बधिर पट्टीत त्यांना काही कळलं नाही आणि बरगडीजवळ मात्र डोळ्यांत पाणी आलं. व्रणाच्या ऊतीत शाई सारखी बसत नाही, त्यामुळे मधली दोन पानं फिकी राहिली. भावाला त्यांनी नंतरच दाखवलं. तो बराच वेळ बघून म्हणाला, "फांदी जरा वाकडी आलीय."

"काप तसाच होता, दादा."

फिक्या पानांसाठी त्या पुन्हा जाणार आहेत. या वेळी भाऊ सोबत येतो म्हणतोय, आणि त्याला न्यायचं की नाही हे त्यांचं अजून ठरत नाहीये.