रापणीच्या क्लिपचा जिफ

मालवणची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाची तुझी क्लिप बघितली, फार आवडली. पण जिफसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या हलत्या चित्रासाठी, अख्खी वीस सेकंदं घेऊ नकोस रे. दोर ओढताना माणसं मागे रेलतात आणि परत पुढे येतात, तेवढी एकच ओढ उचल. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये त्यांच्या पाठी सारख्याच वाकलेल्या असल्या की सांधा कळत नाही.

फोटोशॉपमध्ये फाइल, इम्पोर्ट, ‘व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स’. तिथे दर दुसरी फ्रेम घे. क्लिप सेकंदाला 30 फ्रेम्सची असेल तर टाइमलाइनमध्ये प्रत्येक फ्रेमला 0.07 सेकंद दे, नाहीतर माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात.

खरी मेख रंगांची. जिफच्या एका फ्रेममध्ये 256च रंग मावतात. वेंगुर्ल्याच्या सूर्यास्ताचा माझा पहिला जिफ त्यानेच गेला, आभाळभर नुसते पट्टे! म्हणून आभाळ जमेल तेवढं क्रॉप कर, ‘डिदर’ (ठिपके मिसळून मधल्या छटा भासवणारी सोय) चालू ठेव. रुंदी 480 पिक्सेल पुरे. ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये लूपिंग ‘फॉरेव्हर’.

आणि पुढच्या वेळी मोबाइल होडीच्या काठाला टेकवून धर. हात हलला की वाळूचा कण न् कण बदलतो आणि फाइल फुगते.